आधी सुकतळा बाहेर काढा

नागपुरात मी ज्या अभ्यासिकेत दोन वर्षं बसलो, तिच्या जिन्याशी एक कागद चिकटवलेला होता. ‘ज्यांच्या बुटांना वास येतो त्यांनी बूट खाली पार्किंगमध्ये काढून यावे.’ खाली कुणाची सही नाही, वर कुणाचं नाव नाही. पण जुलै-ऑगस्टात पार्किंगमध्ये कुणाचे बूट असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक जोड माझा. एक कोरचीच्या पोराचा. एक देवरीहून आलेल्या मित्राचा. बाकीचे पन्नासेक जोड वर रॅकवर, पंख्याच्या वाऱ्यात.

दुपारी जोराचा पाऊस आला की पार्किंगमध्ये पाणी शिरायचं. वास येतो म्हणून खाली ठेवलेले बूट तिथे भिजायचे. भिजले की आणखी वास. आणखी वास म्हणून उद्याही खालीच. वर ठेवलेले बूट रोज सुकायचे आणि त्यांचे मालक रोज ‘स्वच्छ पोरं’ ठरायचे.

तेव्हा मी काही बोललो नाही. मान खाली घालून बूट खाली ठेवले. त्या कागदाला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आता देतो.

बुटाच्या वासावरून माणूस किती स्वच्छ आहे हे कळत नाही. त्याचा बूट किती तास ओला राहिला, एवढंच कळतं. ज्याच्याकडे एकच जोड आहे, ज्याच्या रस्त्यात चिखल आहे आणि ज्याच्या खोलीला खिडकी नाही, तो या हिशेबात सुरुवातीलाच हरलेला असतो. त्याला लाज वाटायला लावणं सोपं आहे. त्याला डिओ विकणं त्याहून सोपं. बुटाच्या आत हात घालून तिथे काय आहे ते बघायला मात्र कुणी तयार नाही.

मी अर्जुनीचा. अर्जुनी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणती अर्जुनी? सडक अर्जुनी वेगळी, आमची अर्जुनी मोरगाव वेगळी, दोन्ही गोंदिया जिल्ह्यातच. आमची गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरची, नवेगावबांधच्या तलावाच्या तालुक्यातली, इटियाडोहच्या पाण्यावर धान पिकवणारी. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. बांधीत पाणी, धुऱ्यावर चिखल. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून अंधार पडेपर्यंत पाण्यात उभ्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते, रात्री त्यावर तेल-हळद लावून झोपायचं आणि सकाळी परत पाण्यात उतरायचं. माझ्या आईच्या पायांना कुणी कधी घाण म्हटलेलं मी ऐकलं नाही. रोवणीचे पाय असेच असतात, हे गावाला माहीत असतं.

त्याच घरातलं पोरगं बूट घालून शाळेत जातं. दोन किलोमीटर चिखल तुडवून पोचतं तेव्हा मोजे पिळून निघतील इतके ओले असतात. तसंच ते पाच-सहा तास बाकावर बसतं. चौथ्या तासाला शेजारचा नाक दाबतो. आईच्या पायाची ओल ही मेहनत आणि पोराच्या पायाची ओल ही घाण, असा निकाल त्या वर्गात लागतो. निकाल देणाऱ्या मास्तरांची मोटरसायकल व्हरांड्याला लागून उभी असते. त्यांचे बूट कोरडे असतात.

बरं, शाळेत बूट तपासतात, नाही असं नाही. पण काय तपासतात? वरची चकाकी. शनिवारी पीटीचे पांढरे कापडी बूट घालायचे असत. आमच्यातले अर्धे शुक्रवारी रात्री त्यांना पांढरं पॉलिश फासायचे आणि उरलेले अर्धे प्रार्थनेच्या आधी फळ्याजवळचा खडू घासायचे. पॉलिश ओल्या बुटावरच लागायचं, म्हणजे बूट सुकायची उरलीसुरली शक्यताही संपायची. बाहेरून बगळा, आतून डबकं. सर रांगेतून फिरायचे, बुटांकडे बघायचे, ‘शाबास’ म्हणायचे. ‘बूट काढ, आत हात घाल, ओलं लागतं का बघ’ असं दहा वर्षांत एकाही सरांनी म्हटलं नाही. ते वाईट होते असं नाही. तसं बघायचं असतं हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्या आतल्या वस्तूबद्दल. बुटाच्या आत पायाखाली जी पट्टी असते तिला दुकानदार ‘इनसोल’ म्हणतो, ऑनलाइन मागवलं तर पाकिटावरही तेच लिहिलेलं असतं. मराठीत तिला चांगला जुना शब्द आहे. सुकतळा. कुणी सुखतळाही म्हणतात. शब्द इतका विसरला गेलाय की माझ्या वयाच्या दहा जणांना विचारलं तर एकाला माहीत होता, आणि तो एक जण स्टेशनजवळ बूट शिवणाऱ्या काकांचा मुलगा होता. शब्द गेला, कारण वस्तू दिसेनाशी झाली. आणि वस्तू दिसेनाशी झाली, कारण बुटाच्या आत हात घालणं आपल्याकडे कमीपणाचं मानलं गेलं.

इथे थोडं थांबतो, कारण गोष्ट साधी नाही. पायातल्या वस्तूला आपल्या भाषेत सगळ्यात खालची जागा आहे. जोडे मारायचे, जोड्यापाशी उभं करायचं, वहाणेची जागा पायातच म्हणायचं. आपल्या शिव्या आणि म्हणी बूट-चपलांनी भरलेल्या आहेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावलं आणि आपले जोडे शिवले त्यांना आपण गावाच्या कडेला ठेवलं. त्यांच्या हातांना विटाळ लावला आणि त्यांच्या हातचा जोडा मात्र मजेत घातला. तो विटाळ कायद्याने गेला, बोटांतून गेला नाही. आजही घरात शर्ट धुतला जातो, चादर धुतली जाते, मोजेसुद्धा धुतले जातात. बूट बाहेरून फडक्याने पुसला की झालं. त्याच्या आत बोटं घालून, सुकतळ्याची कड धरून तो उपसून काढणं हे ‘आपलं काम’ वाटत नाही. बहुतेक स्पोर्ट्स शूजचा सुकतळा सहज निघतो हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी बूट ही एकसंध, न उघडणारी वस्तू समजत होतो. तुम्हीही समजत असाल तर लाजू नका, फोन बाजूला ठेवून आत्ता एकदा बघून या.

काढला का? खालची बाजू बघितली? टाचेखाली काळपट, पंजाखाली ओलसर, बोटांच्या जागी पाच खड्डे. बुटाच्या वासाचं घर ते. तुमच्या पायाला काही झालेलं नाही.

दोन्ही पायांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घामाच्या ग्रंथी असतात असं सांगतात. गंमत म्हणजे ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. तळव्यावर राहणारे जिवाणू घामातले आणि मेलेल्या कातडीतले घटक खातात, आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखे पदार्थ तयार होतात. काही जुनाट चीजला जो वास असतो तो याच जातीचा. तो येतो कुठून? पायावर राहतात त्यांच्याच भाऊबंद जिवाणूंकडून चीज पिकवून घेतलं जातं, तिथून. 2006 सालचं जीवशास्त्राचं इग नोबेल ज्या संशोधनाला मिळालं त्यात तर आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासाची मादी माणसाच्या पायाच्या वासाकडे आणि लिम्बर्गर चीजकडे सारख्याच ओढीने जाते असं दाखवलं होतं. डास जात-पात, गाव-शहर बघत नाही, एवढं आपण त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही.

हे जिवाणू सगळ्यांच्या पायावर असतात. अभ्यासिकेच्या मालकाच्या, तुमच्या क्रशच्या, त्या कागदावर अक्षर काढणाऱ्याच्यासुद्धा. फरक पडतो तो त्यांना पाणी किती मिळतं याने. सुकतळा कोरडा असेल तर ते उपाशी पडून राहतात. तो ओला राहिला तर रात्रभर त्यांची पंगत. मोजे रोज धुतले तरी वास का जात नाही, याचं उत्तर इथे आहे. स्वच्छ मोजा तुम्ही कालच्या ओल्या सुकतळ्यावर ठेवता.

इग नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार. सप्टेंबर 2025 मध्ये त्यातला एक भारतात आला आणि तो चक्क बुटांच्या वासासाठी. दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठातले विकाश कुमार आणि त्यांचे माजी विद्यार्थी सार्थक मित्तल यांनी होस्टेलच्या दारात पडलेले बूट बघितले आणि प्रश्न विचारला की हे बूट आत का नाहीत? त्यांनी 149 विद्यार्थ्यांना विचारलं. अर्ध्याहून जास्त जणांना कधी ना कधी आपल्या किंवा दुसऱ्याच्या बुटाच्या वासाने ओशाळल्यासारखं झालं होतं. चहाच्या पिशव्या, खाण्याचा सोडा, डिओ हे घरगुती उपाय पुरे पडत नव्हते. मग त्यांनी बुटांच्या रॅकमध्ये यूव्हीसी किरणांचा दिवा बसवून बघितला. दोन-तीन मिनिटांत वासाचे जिवाणू मरतात. जास्त वेळ ठेवलं तर बूटच भाजून निघतो.

बातमी वाचून लोक हसले, मीम आले. मी हसलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी प्रयोगशाळेत बसून माझ्या पार्किंगमधल्या बुटांचा विचार केला होता. तो विचार करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण भांडण आहे ते आहेच. दिवा लावलेला रॅक येईल तेव्हा तो कुठे येईल? ज्या फ्लॅटमध्ये माणशी चार जोड आहेत तिथे. बूट दारात पडलेले असतात ते रॅक नाही म्हणून, आणि रॅक नाही कारण खोली दहा बाय दहाची आणि पोरं चार. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. जिवाणू मारायला दिवा चांगलाच, पण बूट ओलाच राहिला तर ते परत यायला किती वेळ लागतो?

म्हणून माझा हट्ट कोरडं करण्याचा आहे. जिवाणू मारण्यावर नाही आणि सुगंधावर तर नाहीच.

सुगंधाचा अनुभव मी घेतला आहे. त्या कागदानंतर पहिल्या आठवड्यात मी बुटात टाल्कम पावडर ओतली, अर्धा डबा. ओल्या सुकतळ्यावर तिचा लगदा झाला, बोटांमध्ये गोळे झाले आणि वासात गुलाब मिसळला. मग डिओ मारला. नुसता कुबट वास लोक सहन करतात, पण कुबट वासावर मारलेला ‘ओशन ब्रीझ’ आला की खोलीतल्या सगळ्यांना कळतं की हा काहीतरी लपवतोय. मग डांबराच्या गोळ्या. त्या घातल्या आणि माझ्या बुटांना आजीच्या ट्रंकेचा वास यायला लागला, मूळचा वास होताच. दोनशे रुपये गेले. दोनशे रुपये म्हणजे तेव्हा माझा चार दिवसांचा डबा.

रील्सवर तर जत्राच आहे. बूट फ्रीजरमध्ये ठेवा म्हणतात. थंडीत बरेचसे जिवाणू फक्त झोपतात, बूट पायात घातला की तुमच्याच उबेने जागे होतात. शिवाय ज्या घरात फ्रीज आहे त्या घरातली आई तुम्हाला बूट फ्रीजरमध्ये ठेवू देईल का, हे रील बनवणाऱ्याने सांगितलं नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओता म्हणतात. फसफस छान दिसते, व्हिडिओ चालतो. पण त्यात दोघं एकमेकांना निकामी करतात आणि तुमच्या बुटात थोडं खारट पाणी तेवढं उरतं. आणि एक गोष्ट खरंच धोक्याची: कपड्यांचं ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत जातो. वासापेक्षा जीव मोठा.

मग करायचं काय? मी करतो ते सांगतो.

घरी आल्यावर पहिलं काम, बूट काढले की त्याच क्षणी सुकतळे बाहेर. हात धुवायच्या आधी. हे एक केलं आणि दुसरं काहीच केलं नाही तरी निम्मं काम होतं, कारण आता बूट वेगळा सुकतो आणि सुकतळा वेगळा. दोघं एकमेकांना ओलं ठेवत नाहीत. नाडी पूर्ण सैल करायची, जीभ पुढे ओढायची, बुटाचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. आत वर्तमानपत्राचे बोळे. तासा-दोन तासांनी बोळे बदलायचे. न बदललेला ओला बोळा हा नवा सुकतळाच. आमच्या घरी पेपर येत नव्हता, तर आजोबा बुटात कोरडी तणीस कोंबायचे. धानाच्या गावात तणशीला तोटा नाही. कागदापेक्षा ती बरी, कारण मधून हवा खेळते. शहरातल्या मित्रांनी यावर हसून घ्यावं आणि मग आपल्या आजोबांना विचारावं.

आठवड्यातून एकदा सुकतळे धुवायचे. कोमट पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर, जुना टूथब्रश. खालची बाजू विसरायची नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचे, साबण उरला तर चिकटपणा राहतो आणि त्यावर मळ लवकर धरतो. पिळायचे मात्र नाहीत, पिळले की फोमचा आकार गेला. जुन्या टॉवेलमध्ये ठेवून वर उभं राहायचं, टॉवेल पाणी ओढून घेतो. मग पंख्याखाली उभे करून ठेवायचे, भिंतीला टेकवून, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे. ऊन असेल तर सकाळचं कोवळं ऊन चांगलं. भर दुपारच्या उन्हात टिनाच्या पत्र्यावर ठेवू नका आणि चुलीजवळ तर मुळीच नाही. मी एकदा ठेवले होते. पापडासारखे वळले आणि फोमवरचं कापड सुटलं.

सुकतळा चिकटवलेला असेल तर ओढून फाडू नका. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आतून पुसायचा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग बूट पंख्यासमोर आडवा. कातड्याचा असेल तर पाण्यात घालायचा नाही, नुसता पुसायचा आणि सावलीत ठेवायचा. खाण्याचा सोडा वाईट नाही. कोरड्या सुकतळ्यावर रात्री भुरभुरून सकाळी झटकला तर आंबूस वास थोडा कमी होतो. पण कोरड्या सुकतळ्यावर. ओल्यावर टाकलात तर माझ्या पावडरीचीच गत.

एवढं करूनही वास जात नसेल आणि तळव्यावर सुई टोचल्यासारखी बारीक भोकं दिसत असतील, किंवा बेचक्यात खाज आणि पांढरी फाटलेली कातडी असेल, तर हा बुटाचा प्रश्न राहिला नाही. सरकारी दवाखान्यात दाखवा. त्यावर साधी मलमं आहेत. डॉक्टरसमोर मोजा काढायला लाज वाटून कित्येक जण महिनोन्‌महिने खाजवत राहतात, हे मी खोलीतल्या मित्रांचंच बघितलं आहे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता उपाय. एका बुटाला दोन जोड सुकतळे. दुसरा बूट घ्यायला हजार रुपये लागतात, दुसरा सुकतळा मला साठ रुपयांना मिळाला. जुना सुकतळा कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ मारायची, तो कागद दुकानात न्यायचा किंवा मोठ्या मापाचा घेऊन कात्रीने कापायचा. आज एक, उद्या दुसरा. साठही नसतील तर जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्या त्याच मापाने कापून गोधडीसारखे टाके घालायचे. कापडी सुकतळा. मोज्यासारखा रोज धुता येतो आणि पंख्याखाली रात्रभरात वाळतो. माझ्या आईने पहिला जोड शिवला तेव्हा तिला मी फोनवर माप सांगितलं होतं, ‘माझ्या वितीएवढा आणि वर दोन बोटं.’ ती म्हणाली, ‘तुह्या वितीचं माप मले कसं समजन बे? बूट पाठव.’

आता सरकारकडे वळतो. 2023 साली राज्य सरकारने ठरवलं की सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचे, दर मुलामागे 170 रुपये. मी या योजनेच्या विरोधात नाही. अनवाणी पाय आणि काटे मला माहीत आहेत. पण हा आकडा परत वाचा. मोजे दोन, बूट एक. म्हणजे मंत्रालयात कुणाला तरी कळलं होतं की मोजा ओला होतो, धुवावा लागतो, बदलायला दुसरा हवा. मग तोच मोजा ज्या ओल्या बुटात जाणार, त्याचं काय? कोरडा मोजा ओल्या बुटात घातला की दहा मिनिटांत दोघं सारखे.

आणि एकच जोड बूट देऊन तो पावसाळ्यातही घालण्याचा आग्रह कशासाठी? जून ते सप्टेंबर आमच्या भागातल्या मुलांना शाळेत चपला किंवा प्लॅस्टिकच्या सँडल घालू द्या. पाय धुता येतात, पुसता येतात, पाच मिनिटांत कोरडे होतात. गणवेशाच्या शिस्तीला काय होईल? काही होणार नाही. झालंच तर फोटो थोडे वेगळे येतील. प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात एक तार बांधा, तिला चिमटे लावा, ओले मोजे आणि सुकतळे तिथे टांगू द्या. आश्रमशाळांमध्ये तर हे आधी करा. माझा मामेभाऊ एका आश्रमशाळेत होता. चाळीस मुलं एका हॉलमध्ये, चाळीस जोड बूट खाटांखाली, रात्री दार-खिडक्या डासांसाठी बंद. सकाळी अधीक्षक दारात उभे राहून नाकाला रुमाल लावायचे आणि मुलांना ‘आंघोळ करत जा रे’ म्हणायचे. मुलं आंघोळ करत होती. बूट कुठे करणार?

कापडी सुकतळे शिवून देण्याचं काम गावातल्या बचत गटांना द्या. त्यांच्याकडे शिलाई मशीन आहे, हात आहेत, जुनी लुगडी आहेत. यासाठी कोणत्याही समितीने अभ्यास दौरा काढायची गरज नाही.

काही मित्र म्हणतील, भाऊ, जगात युद्धं चालू आहेत, बेरोजगारी आहे, पेपर फुटतात, आणि तू सुकतळ्यावर अडीच हजार शब्द? हो. कारण तो बेरोजगार मुलगाच त्या बुटात आहे. अर्जुनीपासून वडसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेचारला या, पोरं-पोरी धावताना दिसतील. पोलीस भरती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, त्या एका धावण्याला 20 गुण. थंडीत दहिवराने आणि पावसाळ्यात पावसाने बूट भिजतात. तोच बूट पुढे दिवसभर कॉलेजात, तोच संध्याकाळी लग्नात. 2024 ची भरती तर ऐन जूनच्या पावसात सुरू झाली होती. ओल्या सुकतळ्यावर धावलं की तो आत सरकतो, दुमडतो, तळव्याला फोड येतो. फोड आला की दहा सेकंद जातात. दहा सेकंदांत गुण जातात. गुण गेले की आणखी एक वर्ष, आणखी एक खोली, आणखी एक अभ्यासिका, जिच्या जिन्याशी कदाचित एक कागद असतो.

त्या कागदाचं शेवटी काय झालं, तेही सांगतो. दुसऱ्या पावसाळ्यात कोरचीच्या पोराने एक दिवस पार्किंगच्या खांबापासून पाइपापर्यंत नायलॉनची दोरी बांधली. आम्ही तिघांनी आमचे सहा सुकतळे चिमट्यांनी तिच्यावर टांगले, माझे लुगड्याचे, हिरव्या काठाचे. बूट दोन विटांवर चढवले, पाणी शिरलं तरी भिजू नयेत म्हणून. वॉचमन काकांनी विचारलं, ‘हे काय लावून रायले बे?’ आम्ही सांगितलं. त्यांनी काही न बोलता आपले बूट काढले, आत हात घातला, थोडा वेळ चाचपडले आणि विचारलं, ‘माह्यातला निघते का?’

निघाला. चांगला काळा होता. आठव्या दिवशी दोरीवर चौदा सुकतळे होते, त्यातले सहा वरच्या रॅकवाल्यांचे.